एल्विनाचं नाव आहे तोवर

प्रिय क्लिफ्टन,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. घरचा नंबर दिसला की तुला वाटतं, कोणीतरी गेलं. घाबरू नकोस, अजून कोणी गेलेलं नाही. पण एल्विना शहरातलं ते मशीन सोडून घरी आली आहे. ही आईला नावानं कधीपासून बोलवायला लागली, असं तुला वाटेल. वाटू दे. एक दिवसाआड रक्त धुवायला त्या खुर्चीत बसून तिचा जीव विटला होता. नर्सनं परोपरीनं सांगितलं, मशीन सोडलंस तर थोडेच आठवडे उरतील. एल्विना म्हणाली, "मग ते तरी मला माझ्या मातीत काढू दे की बाई!" आता अंगणात शेकोटीजवळ तिची गादी टाकली आहे. पाय सुजलेत, दोन घासांपलीकडे जेवण जात नाही. जीभ मात्र धडधाकट आहे. काल एडगरमामानं कांगारूचं शेपूट भाजून आणलं, तर "एवढा म्हातारा झालास, अजून कच्चंच काढतोस" म्हणून त्याला सगळ्यांसमोर झापलं.

तुझं ते पहिलं गिटार तिनं अजून ठेवलंय. चर्चच्या हॉलमधलं, चारच तारांचं. तू आणि माल्कम ते घेऊन पाण्याच्या टाकीखाली बसायचात, कारण तिथे आवाज घुमायचा. एल्विना ओरडायची, "दुसरं गाणं येत नाही का रे तुम्हाला? कुत्रीसुद्धा पळून गेली!" आणि त्याच पोरांनी फुटबॉलच्या जत्रेत ट्रकवर उभं राहून आपल्या भाषेत गायलं, तेव्हा हीच सगळ्यांत पुढे बसून रडत होती. मग ती रेडिओवाली बाई आली, रेकॉर्ड निघालं, बक्षीस मिळालं, तू मेलबर्नला गेलास. माल्कम महिन्याभरात परत आला, त्याला थंडी सोसेना. तू राहिलास. मला अभिमान वाटला आणि रागही आला, दोन्ही एकदम. अजून येतो.

सगळा देश तुला ओळखतो तो त्या एका गाण्यामुळे. एल्विना लहान असताना सरकारी गाडी आपल्यातली गोरटेल्या अंगाची मुलं आयांपासून तोडून न्यायला आली, आणि आजीनं वाळूच्या टेकडीवरून हाक मारली, "एल्विना, पळ!" ती हाक तू ध्रुवपदात घेतलीस. तीच हाक ऐकून ही झुडपांत लपली, म्हणून तू आहेस, मी आहे. अनोळखी लोकही ते ध्रुवपद तुझ्याबरोबर ओरडतात, हे मी टीव्हीवर पाहिलंय. पण तू ते एल्विनासमोर बसून कधी गायलं आहेस? आठवून बघ.

परवा तिला चाकांच्या खुर्चीत बसवून स्टोअरमध्ये नेलं. गल्ल्यावर माल्कमची मुलगी असते, हिचंच नाव ठेवलेली. एल्विनानं तिच्या छातीवरच्या बिल्ल्यावर बोट ठेवलं. म्हणाली, "वापरून घे ग पोरी, थोडेच दिवस आहे हे नाव. मी गेले की आपल्या रीतीनं ते कोणी उच्चारणार नाही, मेलेल्याच्या नाववालीला म्हणतात तसं तुलाही सगळे कुन्मनाराच म्हणतील. बिल्ल्याला चिकटपट्टी लाव." मुलीचा चेहरा उतरला. एल्विना हसत सुटली. घरी आल्यावर म्हणाली, "माझ्या क्लिफ्टनच्या गाण्याला कुठली चिकटपट्टी लावणार?"

तेव्हापासून तिला तीच काळजी. मरणाची नाही. पोरगा त्या गाण्यावर उभा आहे, ते मिटलं तर खाईल काय, म्हणते. मी सांगितलं, त्याची बाकीची गाणी काय वाईट आहेत? तर माझ्यावरच डाफरली, "ती कोणाला येतात?"

तू का येत नाहीस ते मला माहीत आहे. वडिलांच्या दुखवट्याला तू आला नाहीस, स्टेजवर होतास. मामा आणि काका अजून धुमसतायत. आलास की तुला पुढ्यात बसवतील, नाही नाही ते बोलतील, एखाद्याचा हातही उठेल. मी खोटं सांगणार नाही. एल्विना म्हणते, "रागावतील, मग त्याच्या गळ्यात पडून रडतील, मग चहा मागतील. आपल्या माणसांना दुसरं काय येतं?" एडगरमामा हे ऐकत होता. संध्याकाळी त्यानं तुझ्या गिटारला दोन नव्या तारा लावल्या. कुठून आणल्या, विचारलं तर माझ्यावर खेकसला.

मी काल तुझं रेकॉर्ड लावायला गेले, तर तिनं बंद करायला लावलं. "रेकॉर्डला मी दिसते का?" म्हणाली. तिला ते तुझ्या तोंडून ऐकायचंय, तिच्याकडे बघत. म्हणून हे पत्र. ती गेल्यावर ते गाणं निजेल, क्लिफ्टन. किती वर्षं, कोणास ठाऊक. तूही गाणार नाहीस, हे मी तुला सांगायला नको. आज अजून ते गाता येतं. आज अजून मलाही हे नाव लिहिता येतं, म्हणून आई लिहायच्या जागी मी जिथे तिथे तेच लिहिलं. नंतर हा कागदसुद्धा तुला जाळावा लागेल. नर्सची गाडी निघाली आहे, हे तिच्याकडे देते. आजीनं तिला पळ म्हणून हाक मारली होती. मी तुला उलटी मारतेय. ये. एल्विना वाट बघतेय. एल्विना. एल्विना.

तुझ्यावर चिडलेली, तरी तुझीच,
नोलीन