हातांना पाठ झालेलं

३ नोव्हेंबर
आले एकदाची! मावशीनं दारातच मिठी मारली आणि लगेच माझे हात उलटसुलट करून पाहिले, दुकानात कापड पाहावं तसे. आई गेल्यापासून मावशीच काय ती माझी. ती मेंदूची डॉक्टर. शरीर हालचाली कशा शिकतं यावर ती घरीच संशोधन करते, आणि तिला मदतनीस हवी होती. माझ्यासारखी वेंधळी चालेल का, असं मी विचारलं. वेंधळीच हवी, म्हणाली, शिकवलेलं स्वच्छ दिसतं.

वरच्या खोलीत काका, म्हणजे मावशीचे यजमान. पक्षाघातात बोलणं गेलं, अंगही गेलं. उजव्या हाताची बोटं तेवढी हलतात. हाताशी एक पितळी घंटा. ती वाजली की पाणी द्यायचं, कूस बदलायची, नाहीतर नुसतं जवळ बसायचं. मला पाहून त्यांनी ती इतकी वाजवली की मावशीनं कान झाकले.

७ नोव्हेंबर
काम म्हणजे पोरखेळ आहे. एका फळीला दोन बाजूंना मुठी. घंटा वाजली (काकांच्या घंटेची जुळी बहीणच) की मुठी धरायच्या, फळी उचलायची आणि पुढ्यातल्या गादीवर दाबून धरायची. गादीखाली एक दिवा आहे. तो विझेपर्यंत सोडायचं नाही. दुपारी जेवून झोपायचं, तेही कामातच धरलंय! झोपेतच मेंदू सराव पक्का करतो म्हणे. अशी नोकरी कुणाला मिळते?

मावशी छान समजावते. सुरुवातीला मोठा मेंदू प्रत्येक हालचालीत नाक खुपसतो. सरावानं ते काम खाली उतरतं, लहान मेंदूकडे आणि मेंदूच्या गाभ्यातल्या पेशींच्या गाठींकडे. मग तिथे आपली गरजच उरत नाही. सायकल चालवताना तू कुठे असतेस, असं तिनं विचारलं.

१५ नोव्हेंबर
आता डोळ्यांना पट्टी, आणि तोंडानं सतराचा पाढा उलटा. पाढा दरवेळी चुकतो, हात एकदाही चुकत नाहीत. मावशी खूश. मध्येच थांबायचं असेल तर कसं, हे मी विचारलं. थांबणं हे वेगळं कौशल्य, त्याचा प्रयोग पुढे कधीतरी, असं म्हणाली.

संध्याकाळी काकांचा वर्ग मी घेते. वाटीतली बटणं चिमटीनं काढायची. आज त्यांनी एक काढलं! घंटा वाजवून वाजवून घर डोक्यावर घेतलं. मी धावत वर गेले आणि आम्ही दोघं येड्यासारखे हसत बसलो.

२२ नोव्हेंबर
फळी आणि गादी वर हलवली, काकांच्या दाराबाहेर. मी खालच्या खुर्चीत बसायचं, घंटा वाजली की उठून जिना चढून वर यायचं. पायांनाही जोड हवी, असं मावशी म्हणते. मावशी हल्ली जेवताना माझ्या हातांकडेच बघते.

२६ नोव्हेंबर
नीट लिहिते, म्हणजे मलाच कळेल. काकांची घंटा वाजली. त्यानंतरचं मला आठवत नाही. भान आलं तेव्हा मी त्यांच्या दाराशी होते आणि माझ्या हातांत खालच्या सोफ्याची उशी होती, दोन्ही टोकांना घट्ट धरलेली. फळी-गादी तिथून हलवलेली होती. दार लोटून बाहेरून कडी लावलेली होती. हात त्या उशीनं दार दाबत होते. कडी काढायला हातांना कुणी शिकवलेलं नाही.

मी मावशीला सगळं सांगितलं. तिनं डोक्यावरून हात फिरवला. सवयीचा गोंधळ, म्हणाली, होतं असं.

२७ नोव्हेंबर
सकाळी सुतार आला. काकांच्या खोलीचं दार काढून घेऊन गेला. चाकांची खुर्ची आत जायला अडतं म्हणे.

चाकांची खुर्ची घरात नाहीच.

मुठींमधलं अंतर मोजलं. उशीएवढंच आहे.

२८ नोव्हेंबर
मावशी परिषदेला गेली. जाताना गालावर पापा घेतला. मी तिला फोन केला, रडले, ओरडले. माझेच हात का, म्हणून विचारलं. मग म्हणाली की ती फार दमली आहे, आणि तिच्या हातांना ते जमलं नाही. मी घाबरू नये. मी काहीच करणार नाही, फक्त माझ्याकडून होईल.

आईच्या जागी मानलं होतं मी तिला. आईच्या.

काकांच्या बहिणीला फोन केला. काका एकटे आहेत, निघून या, एवढंच सांगितलं. उद्या संध्याकाळी पोचतात. काकांना टाकून जाऊ कशी? पाणीसुद्धा त्यांना भरवावं लागतं.

घंटेत कापूस ठासून भरला. ती काढून घ्यायला मन होईना, तेवढाच त्यांचा आवाज. काका माझ्याकडे बघत राहिले. त्यांना कसं सांगू?

२९ नोव्हेंबर
दुपार. दर थोड्या वेळानं आपणहून वर जाऊन येते. हात पाठीमागे बांधायला गेले, एकटीला बांधता येत नाहीत. सगळ्या उशा अंगणात फेकल्या. काकांच्या डोक्याखालची तेवढी राहिली. ती काढली तर श्वास अडकतो त्यांचा.

लिहीत राहायचं. उजव्या हातात पेन आहे तोवर उजवा माझा. सतरा दाही सत्तर — नाही — एकशे सत्तर —

वर काहीतरी खुटखुटलं. हलकंसं.

पुन्हा.

कापूस काढतायत. चिमटीनं — मीच शिकवलं — काका नको, काका शाबास, पण नको — मला दाखवायला —

वाजली.

पेन सोडायचं नाही. पेन सोडायचं नाही. डावा हात टेबलावरून उठला. पाय — मी बसलेय, बसूनच — एकशे त्रेपन्न — एकशे छत्तीस — किती आनंदानं वाजवतायत — पहिली पायरी — भिंतीवर वही धरून — काका, वाजवू नका, मी येतेय, मी ये