मशीन चालतं म्हणजे काय

३ जून

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा भाऊ गेल्यापासून तू माझी जरा जास्तच काळजी करतेस. नणंदेला हे शोभत नाही. मी बरी आहे. लायब्ररीतून पुस्तकं आणते, अडलेलं पान पुन्हा वाचते. संध्याकाळ तेवढी लांबते.

त्याचं कपडे धुण्याचं जुनं मशीन मात्र हल्ली असं काही चालतं, की मला मागे धावावं लागतं!

लोभ आहेच, तो कमी करू नकोस.
तुझी,
वहिनी

९ जून

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

मशीन अजून इतकं चालतं हे वाचून दादाची छाती फुगली असती. पण त्यातून ओले कपडे उपसताना तुझी कंबर धरते, हे तू लपवलंस तरी मला कळतं. आमच्या ओळखीच्या लॉन्ड्रीवाल्याला जुनं, पण चालू मशीन हवंय. तो रविवारी बघायला येईल. माझ्या दादाने स्वतः दुरुस्त करत चालवलेलं मशीन आहे, कुरकुरलं तरी नाव बदलीन, असं मी त्याला ठणकावून सांगितलंय. तुला नवं, हलकं पाठवते.

दादाची आणि माझी, दोघांची अब्रू तुझ्या हाती. रागावलीस तरी लोभ असू दे.
तुझी,
चिमणी

१७ जून

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

अगं बाई, चालतं म्हणजे पायी चालतं! कपडे पिळायला लागलं की थडथडत न्हाणीघरातून थेट स्वयंपाकघराच्या दारात! तुझं पत्र वाचून आधी हसले, मग घाम फुटला. मेकॅनिकला बोलावलं, तर भाग मिळत नाहीत म्हणून त्याने हात वर केले. वर मला आजी म्हणाला, त्याचा राग वेगळाच.

तुझ्या भावाचं मशीन परक्या माणसासमोर असं फरफटलेलं मला बघवलं नसतं. प्लग काढला. मशीनवर पाण्याचं ताट ठेवलं. पाणी एका कडेला गेलं नाही, म्हणजे मशीनच्या पायांचा दोष नव्हता. मागचा पत्रा उघडला. आतला टब स्प्रिंगांना टांगलेला असतो. त्यातली एक आकड्यातून सुटली होती आणि टब रुसल्यासारखा एका अंगाला कलला होता. स्प्रिंग हाताने ताणेना. मग तिच्या टोकात जुनी नाडी ओवली, भिंतीला पाय लावला आणि ओढली. निसटली. पुन्हा निसटली. शेवटी बसली. आकडा पकडीने आवळला आणि सवयीने बाहेरच्या खोलीतल्या तुझ्या भावाच्या खुर्चीकडे बघितलं.

रविवारी लॉन्ड्रीवाल्याने चादरी घालून पिळायला लावल्या. मशीन जागचं हललं नाही. दुरुस्त कोणी केलं, असं त्याने विचारलं. मी केलं म्हणाले. विकायचं नाही, हेही सांगितलं. त्याने वाकून मागचा पत्रा बघितला. मग त्याच्या दुकानातलं बंद पडलेलं मशीन बघाल का, म्हणाला.

उद्या जाते आहे. बॅटरी तुम्हीच धरायची, असं त्याला बजावलंय. तुझ्या भावाने मला इतकी वर्षं तेच काम दिलं होतं.

नवं मशीन पाठवू नकोस. लोभ तेवढा पाठवत राहा.
तुझी,
वहिनी