स्पिरोदाजींची हद्द

बुर्गास, १४ मे २००७

ती. झ्लातिनाताईस,
ल्युबेनचा सा. न. वि. वि.

फोन केला की तू आपटतेस, दाराशी आलो की कुत्रं सोडतेस, म्हणून शेवटी कागद हातात घेतला. पत्र बसच्या ड्रायव्हरजवळ देतोय. निदान त्याच्या अंगावर तरी कुत्रं सोडू नकोस, नाहीतर ग्लारुसोवोला यायला बसच राहणार नाही.

स्पिरोदाजींना जाऊन चाळीस दिवस झाले तेव्हा मी चर्चमध्ये होतोच. दाजींचा फोटो घालून दुखवट्याचे कागद छापून घेतलेस तेही रीतीला धरून झालं. पण ताई, लोक ते कागद घराच्या दाराला लावतात, चर्चच्या भिंतीला लावतात, फार तर बसथांब्यावरच्या झाडाला. तू ते आमच्या कंपनीच्या कुंपणाला लावलेस. खांबाखांबावर दाजी. सोमवारी माझी माणसं कामाला गेली तर दाजी गस्तीची टोपी घालून, शिट्टी तोंडाशी धरून त्यांच्याकडे बघतायत. सगळ्यांनी टोप्या काढल्या, छातीवर क्रूसाची खूण केली, एकेक सिगरेट ओढली आणि घरी निघून गेले. मी त्यांचा मुकादम, पण मी तरी काय बोलणार? मीही टोपी काढली होती.

तेर्झिएवसाहेब लालेलाल झालेत. ते राजधानीचे, त्यांना वाटतं कागद म्हणजे कागद. त्यांना तीनशे खोल्यांचं हॉटेल उभं करायचंय आणि कुंपण पुढे सरकल्याशिवाय यंत्रं येत नाहीत. शिवाय कुंपण तात्पुरतं आहे, हे मी तुला किती वेळा सांगू? राखीव किनाऱ्याला कुणी हात लावणार नाही. तेवढे कागद काढून घे आणि आपल्या अंगणात हवे तितके लाव. दाम्यानाने नमस्कार सांगितलाय. तुझा गुडघा कसा आहे?

पत्र फाडलंस तरी लोभ शाबूत ठेव.

तुझा,
ल्युबेन

*

ग्लारुसोवो, १९ मे

चि. ल्युबेन यास,
ताईचे अनेक आशीर्वाद. आज जरा कमीच.

गेलेल्या माणसाचा कागद काढतं कोण रे? पाऊस काढतो, वारा काढतो. आई गेली तेव्हा तिचा कागद दोन वर्षं दारावर होता आणि नाकडोळे पुसून गेले तरी तू त्याच्यासमोरून मान खाली घालून जायचास. आता मुकादम झालास म्हणून रीत बदलली का?

आणि तुझं ते तात्पुरतं कुंपण. फेब्रुवारीत ते रस्त्याला लागून होतं. ईस्टरला झाऊच्या झुडपांपाशी आलं. आता वाळूच्या पहिल्या टेकडीवर चढून बसलंय. इतकं चालणारं कुंपण मी जन्मात पाहिलं नाही, माझे गुडघे त्याला द्यावेत म्हणते. राखीव किनाऱ्याची पत्र्याची पाटी नाहीशी झाली होती, ती कुठे सापडली सांगू? तुझ्या माणसांच्या संडासाच्या छपरावर. पावसात गळत नाही म्हणे.

उत्तरेला हॉटेलं, दक्षिणेला हॉटेलं. मध्ये ही एवढीशी वाळू उरलीय. सरकारी पहारेकरी म्हणून स्पिरोनं तिच्यावर आयुष्य घातलं. तुझ्या लग्नात तुझ्या बायकोनं केसात वाळूतली, तोडायला बंदी असलेली लिली खोवली, तर त्यानं वरातीसमोर शिट्टी वाजवून दंडाची पावती फाडली होती. दाम्याना अजून माझ्याशी नीट बोलत नाही. त्या माणसाला मी अंगणात लावू?

तुला कागद नको असतील तर स्वतःच्या हातानं काढ. मी ओसरीत बसून बघेन.

कच्च्या अंजिरांच्या मुरंब्याची बरणी ड्रायव्हरजवळ दिलीय. भांडण माझं तुझ्याशी आहे, तुझ्या पोटाशी नाही. लोभ आहे म्हणूनच एवढं लिहिलं.

तुझी,
ताई

*

बुर्गास, २० जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मुरंबा पोचला आणि संपला. दाम्यानाही खाते आहे, म्हणजे पावतीचा राग उतरू लागला असं समज.

तुझं माझं दोघांचं मन राखेल असा तोडगा निघालाय. साहेबांनी डोंगरातून नवी माणसं आणली. ती दाजींना ओळखत नाहीत, पण मेलेल्या माणसाच्या तोंडावर हात टाकायला तीही तयार होईनात. एक म्हणाला की त्याच्या आजोळी असा कागद फाडणाऱ्याचं बोट वाकडं झालं होतं. तेव्हा मी त्यांना सांगितलं की कागदाला हात लावू नका, खांब कागदासकट उपटा आणि उभाच्या उभा पुढे न्या. खाली ठेवायचा नाही, आडवा करायचा नाही. ताई, तू पाहायला हवं होतंस. एकामागून एक, टोप्या काढून, खांब खांद्याला टेकवून चालले होते, जणू सणाच्या दिवशी चर्चमधल्या तसबिरी निघाल्यात. एकही कागद फाटला नाही. एक सुटत होता तो मी स्वतः डिंकानं चिकटवला.

आता कुंपण दुसऱ्या टेकडीपलीकडे आहे आणि दाजीही तिथेच आहेत, समुद्राच्या अधिक जवळ. त्यांना आवडलंच असतं. साहेब खूश, कागद शाबूत. आता तरी दार उघडशील?

राग ओसरला की लोभ कळव.

तुझा,
ल्युबेन

*

ग्लारुसोवो, २४ जून

ल्युबेन,

आशीर्वाद पुढच्या पत्रात, जमले तर.

जिवंतपणी ज्या माणसानं एक काठी पुढे रोवू दिली नाही, त्याला मेल्यावर तुम्ही खांदा देऊन पुढे नेलंत. आणि वर मला लिहितोस की त्याला आवडलं असतं.

तुला कळत नाही, म्हणून उलगडून लिहिते. काल रकियाच्या गुत्त्यात मंडळी प्यायला बसली होती. म्हातारा फोतीस, जो स्पिरोबरोबर शाळेत होता, तो सगळ्यांना सांगत होता की आपल्याला हद्द फार अलीकडे वाटत होती, पण स्पिरो जर दुसऱ्या टेकडीपलीकडे उभा आहे तर हद्द तिथेच असणार. स्पिरो चुकीच्या जागी उभा राहायचा नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. ऐकलंस? तुझ्या साहेबाच्या शंभर खांबांवर या गावानं विश्वास ठेवला नसता. माझ्या नवऱ्याच्या तोंडावर ठेवला.

सप्टेंबरात जिल्ह्याची तपासनीस बाई येणार आहे. कचेरीत दोन नकाशे आहेत आणि दोन्ही वेगवेगळं सांगतात, म्हणून ती कुंपण बघणार, गावाला विचारणार आणि हद्द कायमची लिहून टाकणार. गाव काय सांगणार ते तुला लिहिलंच. म्हणजे दोन्ही टेकड्या, लिलीचा सगळा उतार, सगळं हॉटेलच्या पोटात, आणि त्यावर साक्ष स्पिरोची.

मी ते कागद फाडू शकत नाही. रात्रंदिवस विचार केला, हात उचलत नाही. माझ्याच हातानं लावलेत ते. फोतीसला ओरडून सांगितलं की खांब हलवलेत, तर तो म्हणतो की दुःखात माणसाला असं वाटतं.

तेव्हा ज्यानं नेलं त्यानंच परत आणायचं. जसा नेलास तसा आण. तोवर माझा लोभ माझ्यापाशीच राहील.

झ्लातिना

*

बुर्गास, ११ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दोनदा लिहून फाडलं, हे तिसरं.

मी खांब मागे घेतले तर त्याच दिवशी मला घरी बसवतील. पन्नाशीच्या माणसाला या किनाऱ्यावर दुसरं काम कोण देतं? जे देतात ते सगळे हॉटेलंच बांधतात. मी इतकी वर्षं खाली मान घालून काम केलं म्हणून घर चाललं. दाजींना शिट्टी वाजवणं सोपं होतं, त्यांच्यामागे सरकार होतं. माझ्यामागे कोण आहे?

साहेबांना मी एवढंच विचारलं की पहिली टेकडी तरी सोडता येईल का. ते हसले आणि म्हणाले की वाळू काय, ट्रकनं परत आणून देऊ.

काल कामावरून परतताना उतारावरून गेलो. लिल्या फुलायला लागल्यात. कुंपणाच्या आतल्या बाजूला.

मला दोष दे, पण लोभाला अंतर देऊ नकोस.

तुझा,
ल्युबेन

*

बुर्गास, जिल्हा रुग्णालय, १८ सप्टेंबर

चि. ल्युबेन यास,
ताईचे आशीर्वाद.

शेवटी गुडघ्यानं दगा दिला. ओसरीवरून पडले, शेजारणीनं इथे आणलं, उद्या कापतील. तू येऊ नकोस, तुला तिकडे काम आहे.

शनिवारी स्पिरोला जाऊन सहा महिने होतात. गोड गहू वाटायला हवेत आणि ते वाटायला घरचं माणूस हवं. घरचं म्हणजे आता तूच. गहू रात्री भिजत घाल, सकाळी उकड, पण गिचका करू नकोस. वर अक्रोड आणि पिठीसाखर. पाद्रीबुवांना मी निरोप दिलाय की प्रार्थना स्मशानात नको, स्पिरो आहे तिथे, कुंपणापाशी करा. तपासनीस बाईही त्याच दिवशी यायची आहे. हा योगायोग नाही, मीच तिला तो दिवस मागितला.

मी तुला काही करायला सांगत नाही. सांगून झालंय. तू भित्रा आहेस असंही म्हणणार नाही. लहानपणी भर वाऱ्यात याच वाळूवरून समुद्रात शिरायचास, मला न विचारता. फक्त एक ऐक. तिथे गहू वाटताना प्रत्येकाला सांगावं लागेल की स्पिरोसाठी घ्या, देव त्याला क्षमा करो. ते सांगताना तू कुठे उभा असशील ते बघ.

किल्ली कुंडीखाली आहे. कुत्रं तुला आता ओळखेल, त्याला सांगून ठेवलंय. लोभ इस्पितळात आणलाय, काळजी नको.

तुझी,
ताई

*

ग्लारुसोवो, २५ सप्टेंबर

ती. ताईस,
तुझ्याच स्वयंपाकघरातून सा. न. वि. वि.

गव्हांचा गिचका झाला. साखर जास्त पडली. सगळ्यांनी खाल्ले.

सगळं गाव आलं होतं, माझी माणसं आली, पाद्रीबुवा, तपासनीस बाई, आणि आपलं काम उरकून घ्यायला तेर्झिएवसाहेबही चकचकीत बूट घालून. मी गव्हाचा पेला त्यांच्यापुढे केला. मेलेल्याचा घास नाही म्हणता येत नाही, हे राजधानीच्या माणसालाही ठाऊक असतं. त्यांनी खाल्ला आणि तोंडात गहू असतानाच पुटपुटले की देव त्याला क्षमा करो. मग बाईंनी वही उघडली आणि फोतीसला विचारलं की हद्द हीच का. तो म्हणाला, स्पिरो उभा आहे तिथे.

ताई, मी मोठ्यानं सांगितलं की स्पिरो इथे उभा नाही, त्याला मी इथे आणून उभा केलाय, आणि आता घरी नेतोय. साहेब माझं नाव घेऊन ओरडले. मी पहिला खांब हलवून हलवून उपटला. एकट्याला पेलेना. डोंगरातल्या त्या वाकड्या बोटाची गोष्ट सांगणाऱ्यानं टोपी काढली आणि दुसरं टोक धरलं. मग कुणी कुणाला काही विचारलंच नाही. पाद्रीबुवांना वाटलं मिरवणूक आहे, त्यांनी गायला सुरुवात केली, आणि त्यांच्या आवाजापुढे साहेबांचं ओरडणं कुणाला ऐकू येईना. फोतीस रडत होता आणि शिव्याही देत होता, बहुतेक मला. दोन्ही टेकड्या ओलांडून, झाऊच्या झुडपांमधून आम्ही पार रस्त्यापर्यंत गेलो आणि जुन्याच भोकांत खांब उभे केले. भोकं अजून बुजली नव्हती. तपासनीस बाई मागोमाग आल्या, भोकं बघितली, माझं म्हणणं लिहून घेतलं आणि माझी सही घेतली. पेलाही चाटूनपुसून परत दिला.

सोमवारपासून येऊ नको असं मला तिथेच सांगण्यात आलं. दाम्यानाला सांगितलं तेव्हा ती म्हणाली की दाजींनी पावती फाडली तेव्हा तिला मनातून ते आवडलं होतं. तीही इथे आलीय, तुझी भांडी घासतेय, तुझ्या पद्धतीनं नाही.

साहेब वकील लावणार, असं कळतं. लावू देत. पुढच्या वर्षी दुसरा कुणी येईल, तोही येऊ दे.

काल संध्याकाळी एक मोठी गाडी रस्ता सोडून वाळूत शिरली. मी आडवा गेलो. गाडीवाल्यानं काच खाली करून विचारलं की तू कोण इथला, पहारेकरी की पोलीस? मी खांबाकडे बोट दाखवलं आणि सांगितलं की मी ह्यांचा मेव्हणा. त्यानं खांबाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि गाडी मागे घेतली.

लवकर बरी हो. तुझा लोभ मला हवाच आहे.

तुझा,
ल्युबेन