परवान्यावर एकच नाव

७ जुलै, सोमवार
सावदा. पारसशेठच्या केळीच्या वखारीत एका कंपनीचा माणूस आलेला. टाय वगैरे. सॉफ्टवेअर विकायला: कोणत्या बागेची कापणी कधी, मजुरांची टोळी कुठे, ट्रक किती वाजता. मी शेजारीच. शेठ दोन वर्षं माझंच वापरतो, फुकट. शेठने त्याच्या सॉफ्टवेअरात मुद्दाम उलटी तारीख टाकली. पडद्यावर आलं, "बठ्ठं चुकनं शे भाऊ, परत देख."
सगळं चुकलंय, परत बघ. हे वाक्य मयुरीचं! कॉलेजात आम्ही दोघांनी मिळून माझं ते सॉफ्टवेअर लिहिलं तेव्हा तिनेच हट्टाने अहिराणीत घातलेलं.
मी टेबलावर हात आपटला. चहा सांडला. टायवाला म्हणे, "हे आमचं स्वतःचं आहे. तुम्ही कुठून उचललं ते बघा."
शेठ मला, "अरे बाबा, चोरीचा माल नको. पुढच्या सोमवारी बारापर्यंत काय ते सांग."

८ जुलै
जळगाव. मयुरी तीन महिन्यांपासून त्याच कंपनीत आहे, धुळ्याला. काल लिहवलं नाही.
आमचा कोड उघडा. कोणीही घ्या, बदला, विकासुद्धा. अट एवढीच की नाव ठेवा, आणि तुमचे बदलही उघडे ठेवा. यांनी परवान्याची फाईलच उडवली आणि वर कुलूप लावलं.
तिला पाच फोन. सहाव्याला बंद.

९ जुलै
मामा वकील. "पत्र पाठवू. परवान्यावर नाव कोणाचं?"
फाईल उघडली. फक्त तिचं.
मग आठवलं. तिचा वाढदिवस, खिसा रिकामा. माझं नाव पुसून सगळं तिच्या नावे केलं. भेट! कोडही तिच्याच लॅपटॉपवरून चढवलेला, माझा बिघडलेला.
मामा, "लोक साडी देतात रे, येड्या."
म्हणजे पत्र तीच पाठवू शकते. स्वतःच्या साहेबाला.

११ जुलै
धुळे. एसटीत पारोळ्यापर्यंत उभा. ती ऑफिसखाली आली, डबा घेऊन.
"तू दिलंस?"
"मुलाखतीत दाखवलं. उघडंच होतं ना? तुझाच तर आग्रह."
"परवान्याची फाईल कोणी उडवली?"
"मी नाही." डब्यातली भाकरी काढून माझ्या हातात दिली. "उडवताना पाहिलं."
पुढे मी काय बोललो ते सगळं लिहीत नाही. 'विकलंस' म्हणालो. तीनदा.
ती, "कॉलेज अर्धवट सोडताना मला विचारलं होतंस? आमच्या घरात पहिला पगार माझा आलाय. नोकरी गेली तर अण्णांना काय सांगू?"
गेली. तिने दिलेली कळण्याची, ज्वारी-उडदाची भाकरी हातात तशीच. परतीच्या गाडीत खाल्ली. राग होता, भूकही होती.

१२ जुलै
तिच्या मेलचा पासवर्ड मला पाठ आहे. तिच्या नावाने पत्र लिहिलं. पूर्ण.
मग पुसलं. मी आणि तो टायवाला, फरक काय मग?

१४ जुलै, सोमवार
सकाळी सूचना आली. मयुरीने परवान्याची फाईल बदलली. तिचं नाव तसंच, खाली माझं. सोबत एक ओळ, "आते तू देख."
आता पत्र मीही पाठवू शकतो. पण सोबत हीच फाईल जाणार. तिचा साहेब उघडणार, पहिलं नाव तिचं. हे तिला कळत नसेल? सगळं माझ्याआधी कळतं तिला.
शेठचा फोन. "काय रे बाबा, तुझं का त्यांचं?"
"आमचं."
"आमचं म्हणजे कोणाचं?"
बाराला सांगतो म्हटलं.
अकरा चाळीस. पत्र तयार आहे. पाठवण्याआधी तिला फोन लावलाय. आज बंद नाही. वाजतोय.