काचेतलं विसर्जन

आई, तू गेल्यावर मी माशांचा धंदा केला. खायच्या नव्हे, बघायच्या. तू असताना घरात एक छोटी टाकी होती, तिच्यासमोर उभी राहून तू म्हणायचीस, "खायचं नाय तर पाळायचं कशाला रं?" आता कर्जतपासून खालापूरपर्यंत ज्या बंगल्यांत समुद्राची टाकी आहे, त्यातल्या बऱ्याच टाक्यांचं पाणी माझ्या हातचं असतं. गोड्या पाण्यात मीठ कालवून समुद्र करायचा, त्यातला चुना आणि क्षार मोजून राखायचे, कारण त्यावरच प्रवाळ आपलं हाड बांधतं. दोन्ही एकमेकांना धरून असतात. एक एकदम वाढवला की दुसरा पांढरा साका होऊन तळाला बसतो. तुला हे सांगायला लागलं नसतं. भिसेगावच्या हळदीला तू शंभर पानांची आमटी करत होतीस, अळणी लागली म्हणून मी मूठभर मीठ टाकायला गेलो आणि तू मनगटावर पळी हाणलीस. "आरं मीठ चोरपावलानं घालायचं! घातलेलं काय बोटानं येचून काढनार हायेस का?" अख्ख्या मांडवात हशा पिकला, मला मात्र ते आयुष्याला पुरलं.

यंदा गणपतीत कोंडाण्याच्या रस्त्यावरच्या एका बंगल्यात गेलो. ती टाकी मी लावलेली, त्यातलं प्रवाळ बोटाएवढं होतं ते पंज्याएवढं झालेलं. दारातच मला कळलं. माझे कान तुला माहीत आहेत. पंपाचा आवाज बसलेला होता, घशात काहीतरी अडकल्यासारखा. आत गेलो तर वास. सुकटीच्या वासात मी वाढलो, मला नाक मुरडायची सवय नाही, पण हा सडक्या अंड्यांचा वास होता आणि पाणी तांदळाच्या धुवणासारखं. साहेब हसतच पुढे आले. "अहो, दीड दिवसाचा बाप्पा आम्ही घरातच विसर्जित केला. समुद्रच आहे ना आपल्याकडे! मूर्ती शाडूची होती, पर्यावरणपूरक."

"साहेब," मी म्हटलं, "पर्यावरण आत होतं."

त्यांना तो विनोद वाटला, मोठ्यानं हसले. मग मोबाइलवर दाखवलं. मुंबईचे पाहुणे टाळ्या वाजवतायत, बाप्पा हळदकुंकवासकट, दूर्वांसकट खाली जातोय, कोणीतरी नैवेद्याचा मोदकही सोडतंय. आणि आपल्यात विसर्जनाहून येताना पाटावर नदीची वाळू आणतात ना, तू पदरानं झाकून आणायचीस, तशी यांनीही आणली. टाकीच्या तळाची. मुठीमुठीनं उपसली. त्या वाळूच्या पोटात वर्षानुवर्षं दबलेली घाण असते, तिला हात लावायचा नसतो, ती सगळी वर आली. सकाळी पाणी गढूळ दिसलं म्हणून साहेबांनी इंटरनेटवर वाचून खाण्याच्या सोड्याचा, म्हणजे नुसत्या क्षाराचा, अख्खा डबा ओतला. चोरपावलानं नाही, आई, बुलडोझरनं.

मी बाही वर करून हात घातला. पंपाच्या जाळीत मोदक अडकला होता, फुगून बुळबुळीत झालेला. प्रवाळाला बोट लावलं तर कातडी शेवाळासारखी सुटून हातात आली. आणि तेवढ्यात स्वयंपाकघरातून बाईसाहेबांचा फोनवरचा दबका आवाज. "अगं, त्या माणसाच्या मिठातच भेसळ असणार. हे लोकल लोक ना..." माझी सगळी गिऱ्हाइकं एकमेकांच्या तोंडून आलेली. हे एक वाक्य पाच बंगले फिरलं की माझं नाव त्या साक्यासारखं तळाला.

मी दोघांना टाकीपाशी बोलावलं. गाडीतून माझं कालवलेलं कोरं पाणी आणलं. एका नळीत ते, एकीत टाकीचं. क्षार मोजायच्या औषधाचे थेंब टाकत गेलो, क्षार जास्त तितके रंग पालटायला थेंब जास्त. माझं पाणी थोड्या थेंबांत निळ्याचं पिवळं झालं. टाकीचं निळंच, टाकतोय तरी निळंच. "हा तुमचा सोडा, बाईसाहेब. मीठ माझं, ते या नळीत बघा."

"आम्हाला काय कळतंय त्यातलं," त्या म्हणाल्या, आणि नजर दुसरीकडे. साहेब म्हणाले, "जाऊ द्या हो, दिवाळीला पाहुणे आहेत, सगळं नवीन टाका." पडदे बदला म्हणतात तसं. आत किती वर्षं वाढलेला जीव मेलाय, याचा एक शब्द नाही. शिव्या माझ्या तोंडात आल्या होत्या, तुझ्याच, अस्सल. ज्या हातांनी पाटावर फुलं वाहिली त्याच हातांनी ही कत्तल, आणि वर प्रसाद घेऊन जा म्हणतात. नेला नाही. कपाळाला लावला आणि ठेवून आलो.

खडकाच्या कपारीत एक केशरी मासा तेवढा जगला होता. कल्ले जोरात हलत होते.

घरी, चहाच्या टपरीवर, दुसऱ्या गिऱ्हाइकांनाही मी सांगितलंय की टाकी बघायला माझ्याकडे दिलेल्या त्या बंगल्याच्या चाव्या साहेबांच्या तोंडावर फेकून आलो. ऐकून लोक खूश होतात, मीही रंगवून सांगतो. हे तुला पोचणार नाही ते बरंच आहे, नाहीतर पुढचं लिहवलं नसतं. मी फेकल्या नाहीत, आई. तो मासा त्यांच्या हातात सोडवेना. दर मंगळवारी जातो, थोडं थोडं पाणी बदलतो, आणि दार उघडलं की हसून म्हणतो, "नमस्कार साहेब."