उत्तरेचं आभाळ मोकळं हवं

रविवार, १२ जानेवारी

उपग्रहावरून इंटरनेट देणारी तबकडी लागली!

नवऱ्याने, व्हर्लिनने, गाडी सवयीप्रमाणे झाडाखाली घातली होती. म्हटलं, काढ. उत्तरेचं आभाळ मोकळं हवं, फांदीसुद्धा आड येता कामा नये. "अख्ख्या ॲरिझोनात एक झाड मिळालं, तेही बाईसाहेबांना नको!" मी मागे उभी राहून हात करत होते — ये, ये, डावीकडे, थांब — आणि तो आरशात बघत पुटपुटत होता. मग चाकांखाली फळ्या, पाणसळ, सगळं पहिल्यापासून. करू दे. घर विकून चाकांवर राहायला निघालो तेव्हा माझी अट एकच होती. कुठेही ने, पण दर रविवारी मला इना दिसली पाहिजे.

आणि दिसली. नेब्रास्कात, तिच्या स्वयंपाकघरात, कोपरापर्यंत पीठ. माझी धाकटी बहीण, जन्मापासून बहिरी. तिला फोनचा काय उपयोग! तिचं बोलणं हातात आहे, आणि हात बघायला न अडखळणारं चित्र लागतं. एवढ्याशा पांढऱ्या तबकडीने ते आणून दिलं. तिच्या इमारतीतल्या समस्त म्हाताऱ्यांच्या कुटाळक्या केल्या. माझे खांदे दुखायला लागले. किती दिवसांनी!

व्हर्लिन मागून डोकावला, हात हलवला, गेला. चाळीस वर्षांत एवढंच आलं त्याला. शीक म्हटलं की उत्तर ठरलेलं — "तू आहेस ना सांगायला." गाडी मागे घेतानाचे माझे हात तेवढे बरोबर कळतात!

इनानेही मग त्याला नाव दिलं नाही. बहिऱ्यांमध्ये खुणेचं नाव आपलं आपण घ्यायचं नसतं, ते त्यांच्यातल्या कुणीतरी द्यावं लागतं. माझं नाव पुढच्या दातांमधल्या फटीवर तर्जनी — ती पाच वर्षांची असताना ठेवलेलं. शेजारणीच्या बोक्यालाही नाव आहे. व्हर्लिनचं मात्र ती एकेक अक्षर जुळवते, कोर्टाच्या समन्सवर असावं तसं.

रविवार, १९ जानेवारी

इनाने केस कापलेत. भिजलेल्या कोंबडीसारखी दिसतेस म्हटलं, तर जीभ काढून दाखवली. सत्तरीला आली बाई!

रविवार, २६ जानेवारी

इना आली नाही. कॉल लावून लावून थकले. दुपारी मेसेज — "आज नको. नंतर बोलू." बस. ना टोमणा, ना शिवी. तिचा वाटतच नाही.

बुधवार, २९ जानेवारी

तबकडी चोरीला गेली.

मी गावात कपडे धुवायला गेले होते. परत येते तर व्हर्लिन पायरीवर, टोपी हातात. "पाण्याचे कॅन भरायला गेलो होतो. आलो तर जागेवर नाही." जनरेटर जागेवर. सायकली जागेवर. खुर्चीवरचा माझा नवा स्वेटरसुद्धा जागेवर. फक्त तबकडी!

या वाळवंटात गेले चार हिवाळे आम्ही कुणी दाराला कडी घालत नाही. कुणाची चप्पल वाऱ्याने उडाली तर तीन गाड्यांना विचारत कुणीतरी घरी आणून देतो. इथे चोर!

दुपारी चारला सगळ्यांच्या खुर्च्यांचं रिंगण बसतं, तिथे हाच विषय. डेल्फिनने माझा हात दाबला. तीन गाड्यांपलीकडे, ओढ्याच्या कोरड्या पात्राशी एकटी राहते. कॅनडाची, दोन वर्षांपूर्वी नवरा गेला. "सापडेल गं, आर्डिथ. जीव नको जाळूस." भली आहे बाई.

शनिवार, १ फेब्रुवारी

गावात जाऊन इनाला कळवलं. तिथेही जत्रा भरल्यासारखे लोक, टॉवर बिचारा धापा टाकतो. चित्र उमटतच नाही, कसाबसा मेसेज जातो. "चोरी झाली, नवी मागवते" — तिचं उत्तर: "घाई नको."

घाई नको? इना? लहानपणी खिडकीत माझी वाट बघत काचेवर नाक चपटं करून बसणारी इना?

रविवार, २ फेब्रुवारी

काही नाही. हात नुसते मांडीवर.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

नवी तबकडी येत नाही म्हणे. व्हर्लिन आधी म्हणाला, माल संपलाय. मग म्हणाला, आपल्याला पत्ता कुठाय, पाठवणार कुठे? पोस्टात माझ्या नावाने ठेवायला सांग म्हटलं, तर "बघतो." तो 'बघतो' म्हणाला की वस्तू येत नाही, हे मला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून ठाऊक आहे. आणि काल तर गाडी पुन्हा झाडाखाली नेली! "आता तबकडी नाही तर निदान सावली तरी घेऊ."

त्याचं काहीतरी बिनसलंय. रोज सकाळी पाणी आणायला जातो, दोन कॅनना अख्खा तास. दाढी करून जातो! जेवताना डावा हात टेबलाखाली. गाडी चालवताना डाव्या हाताची बोटं स्टिअरिंगवर वळवळत असतात. "संधिवात आहे का?" विचारलं तर दचकला. "थंडीने होतं गं."

उन्हात घाम फुटलाय आणि म्हणे थंडी.

गुरुवार, २० फेब्रुवारी

आज सगळं लिहून ठेवते.

सकाळी फिरायला गेले. रोज रस्त्याने जाते, आज ओढ्याच्या पात्रातून गेले. डेल्फिनच्या गाडीमागून जाताना खिशातला फोन फुरफुरला. पुन्हा. पुन्हा. मेसेज धबाधबा पडायला लागले — सगळे जुने, तुंबलेले. फोनला इंटरनेट मिळालं होतं. आपोआप. वर नाव — वॅफल्स.

वॅफल्स म्हणजे आमचा मेलेला कुत्रा. ते नाव मी माझ्या हाताने आमच्या तबकडीच्या वाय-फायला दिलंय. फोन ओळखीचं नाव दिसलं की स्वतःच जाऊन चिकटतो. त्या बिचाऱ्याला काय माहीत, मालकिणीपासून काय लपवायचं ते!

वळून पाहिलं. डेल्फिनच्या गाडीमागे, पिंपाच्या आडोशाला आमची तबकडी. तोंड उत्तरेला. पायरीवर व्हर्लिनची टोपी. पाण्याचे दोन्ही कॅन तिथेच, रिकामे. आतून तिचं हसणं.

म्हणजे तबकडी दिली तर दिली, आणि सोबत स्वतःही गेला! चोरी झाली म्हणून चार माणसांत मान हलवत बसला. ती माझा हात दाबत बसली. आणि मी मूर्ख, तिला भली बाई म्हणत होते! एकटीला बोलायला कुणी नाही म्हणून माझ्या बहिणीचं तोंड मला दिसू नये?

तशीच मागे फिरले. घरी येऊन चादरी बदलल्या.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

नाश्त्याला पॅनकेक केले. त्याचे मुद्दाम करपवले. "छान झालेत," म्हणाला. चोराच्या मनात चांदणं!

रविवार, २३ फेब्रुवारी

तो कॅन घेऊन गेला. मी मागोमाग.

दार ठोठावलं नाही. उघडलं. काय काय बोलायचं ते सगळं पाठ करून गेले होते. डेल्फिन बेसिनपाशी बटाटे सोलत होती. व्हर्लिन टेबलाशी, पाठ माझ्याकडे, समोर लॅपटॉप.

लॅपटॉपवर इना.

खुर्चीत उशा लावून बसवलेली. तोंड एका बाजूला ओघळलेलं. उजवा हात मांडीवर, कुणीतरी ठेवून दिल्यासारखा. डावा हात कानशिलापाशी, काहीतरी म्हणता म्हणता थांबलेला. तिला व्हर्लिनच्या खांद्यावरून मी दिसले. तिने तो डावा हात पटकन चादरीखाली घातला. माझ्यापासून लपवला!

चित्र जराही अडखळत नव्हतं.

सोमवार, २४ फेब्रुवारी

पक्षाघाताचा झटका महिन्याभरापूर्वीच आला, ती दिसली नाही त्याच रविवारी. उजवी बाजू गेली. माझ्या बहिणीचा उजवा हात म्हणजे तिची वाचा. दवाखान्यातून तिने डाव्या हाताने व्हर्लिनला मेसेज केला — आर्डिथला सांगायचं नाही, शपथ घे. आणि या माणसाने घेतली.

"मला सांगायला काय धाड भरली होती?"

"शब्द दिला होता."

"मला दिलेला शब्द कुठे गेला? दर रविवारी दिसेल म्हणालास!"

म्हणाला, "तबकडी असती तर तू रोज तिच्या मागे लागली असतीस."

"मग बिघडली म्हणायचंस. चोरीचं सोंग कशाला?"

"बिघडली म्हटलं असतं तर तू संध्याकाळपर्यंत दुरुस्त केली असतीस."

केलीच असती!

डेल्फिन आम्हा दोघांच्या मध्ये उभी. "अगं, मी म्हटलं होतं याला, बायको आहे, कळलं तर जिवंत सोडणार नाही. ऐकतो कुठे हा!" तिला म्हटलं, तू मध्ये पडू नकोस, तू माझा हात दाबला होतास.

इनाला विचारलं, का? मेसेजच करून विचारलं, हात दाखवत नव्हती ना. उत्तर एकेक ओळ करत आलं. "डावा हात बोबडा आहे. तू समोर असलीस की माझं वाक्य तूच पुरं करतेस. मग मी बोलत नाही. व्हर्लिनला काहीच येत नाही. मी चुकले तरी त्याला कळत नाही. त्याच्यापुढे लाज वाटत नाही. दोघं डाव्या हाताने पहिल्यापासून शिकतोय."

लाज. माझी!

बाबा जाताना डॉक्टर काय म्हणाले ते तिला माझ्या हातांनी कळलं. बँक, वकील, तिचा घटस्फोट — सगळं या हातांतून गेलं. दुकानात कुणी हसलं तर त्याच्या अंगावर मी धावले. आणि माणूस निवडला तर कोण? हा! चाळीस वर्षं विनवलं, माझ्यासाठी एक बोट हलवलं नाही. आता दुसऱ्याच्या घरात बसून, रोज दाढी करून, माझ्या बहिणीशी माझ्या पाठीमागे माझीच भाषा बोलतोय!

घरच्यांनीच घर फोडलं. मला दोघांचाही राग आलाय आणि मी तो गिळणार नाही.

बुधवार, २६ फेब्रुवारी

बोलत नाही. त्याच्याशी तोंडाने नाही, तिच्याशी हातांनी नाही. डेल्फिनने पीचचा केक पाठवला. परत केला. वास मात्र सुंदर येत होता.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

व्हर्लिनने तबकडी परत आणली. पुसली. मग एकटाच गाडी झाडाखालून काढायला लागला. मी खुर्चीतून उठले नाही. हात केला नाही. तो आरशात बघत राहिला, मग अंदाजाने मागे घेतली आणि माझी शेगडी चिरडली. उतरला, बघितलं, पुन्हा चढला. शेवटी गाडी उघड्यावर आली. फळ्या, पाणसळ. तबकडीचं तोंड उत्तरेला.

चिडचिड केली नाही एकदाही. मला तेच जास्त लागलं.

रविवार, २ मार्च

कॉल इनाने लावला. डावा हात वर होता. थरथरत तर्जनी दातांच्या फटीवर — माझं नाव. बोबडं. मी तिचं एकही वाक्य पुरं केलं नाही. हात मांडीखाली दाबून बसले.

मग तिने एक खूण केली, मला माहीत नसलेली. अंगठा कानशिलाला, चार बोटं पुढे पाडलेली — गाढवाचा कान. कुणाचं हे नाव? मी विचारलं. ती तिरकं हसली, माझ्या मागे बोट दाखवलं.

मी वळायच्या आत त्याने ओ दिली होती — डाव्या हाताने.