आशियाच्या नकाशावरचं माझं बोट

मी, रविराज पुंजाराम विधाते, वय तेवीस, राहणार मखमलाबाद, नाशिक, असे लिहून ठेवतो की मागच्या खंडेनवमीला सकाळी दहा वाजून एकेचाळीस मिनिटांनी माझं सगळं बदललं. वेळ मोबाइलमधल्या फोटोवर आहे म्हणून नक्की माहीत. बाकी नक्की असं काही माहीत नाही. तरी डोकं ठिकाणावर आहे, कोणाची बळजबरी नाही, प्यालेलो नाही. मला मरायचंही नाही. पण आज मी निफाडला यादवराव बोरस्त्यांच्या दारात जाणार आहे, आणि त्यांच्या मुलाने, सार्थकने, बहिणीवरून मला दोनदा सांगितलंय, "वेदिकाच्या आसपास दिसलास तर तंगडं हातात देईन." कोर्टाबाहेर टायपिंग करणारा माझा मित्र दीपक म्हणाला, "मग मृत्युपत्र करूनच जा." तो चेष्टेत म्हणाला. मी कागद घेऊन बसलो.

कलम १. नकाशा. सुरुवात याच्यापासून, कारण हा माझा नाही. आशिया खंडाचा आहे. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेला, वरून हाताने रंगवलेला, अडीचशे वर्षांपूर्वीचा. समुद्रात जहाजं, जहाजाएवढा एक मासा, कोपऱ्यात उंटवाले व्यापारी. नाशिक कुठेच नाही. जिथे असायला हवं तिथे एका हत्तीचा मागचा पाय आहे. यादवरावांची द्राक्षं घेणाऱ्या हॉलंडच्या व्यापाऱ्याने त्यांना तो भेट दिला, आणि फ्रेम करायला तो आमच्या रविवार कारंज्यावरच्या दुकानात आला. दुकान नाथाकाकांचं. ते आणि यादवराव तीस वर्षांचे दोस्त.

नळीत गुंडाळून आलेला तो कागद गिऱ्हाइकांच्या वस्तूंच्या कपाटातच राहायला हवा होता. मी तो काढून टेबलावर पसरला.

कलम २. खरी हकीकत. खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. काका म्हणाले, "रवी, टेबलावरचं एकही सोडू नको. करवत, कटर, हातोडी, खिळ्यांचा डबासुद्धा. ज्याला बोट लागत नाही ते वर्षभर रुसतं." मी कुंकू ओलं कालवलं होतं. करवतीपर्यंत आलो आणि मला सुचलं की वेदिकाला नकाशाचा फोटो पाठवावा, नाशिक कुठे ते दाखवून. डाव्या हातात मोबाइल, उजवं बोट हत्तीच्या पायावर रोखलेलं. फोटो निघाला आणि गुंडाळीची सवय लागलेला कागद वजनाखालून सुटून उसळला, थेट बोटाला येऊन लागला. अरबी समुद्रात हा एवढा लाल टिळा. मी ओला कापूस फिरवला. त्याने समुद्र गुलाबी झाला.

काकांना वाटलं पूजेच्या ओघात झालं. यादवराव आले तेव्हा ते माझ्यापुढे उभे राहिले आणि म्हणाले, "पूजा माझी, बोटही माझंच." मी मागे फेविकॉलचा डबा धरून उभा होतो. मला बोलता आलं असतं.

यादवराव म्हणाले, "नाथा, ठेव तो तुलाच. तुझ्या दुकानाची पायरी आता चढायची नाही."

तेव्हा नकाशा कोणाचा? रागात दिलेलं दिलं असं धरायचं का? दीपकला विचारलं तर म्हणाला, "कायद्यात रागाचं कलम नाही." म्हणून मी तो कोणालाही देत नाही. आज परत नेतो. यादवरावांनी पुन्हा ढकलला तर काय, ते मला माहीत नाही. जागा रिकामी सोडतो.

कलम ३. माउंट, म्हणजे फ्रेममधला पुठ्ठा, कापायचं माझं कटर आणि स्टीलची पट्टी नाथाकाकांना. ती त्यांनीच दिलेली आहेत. मी इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडून आलो तेव्हा सगळे कारण विचारत होते, काकांनी फक्त विचारलं, "सरळ रेघ येते का मारता?" कारण असं की सरांनी माझं जर्नल कॉपी म्हणून फाडलं, आणि मी त्यांचं हजेरीबुक फाडलं. कॉपी पुढच्या बाकावरच्याने माझी केली होती. त्या सरांना मी काहीही ठेवत नाही. माफीसुद्धा नाही. बहुतेक नाही.

कलम ४. मोटारसायकल वडिलांना. तिच्यावर झेंडूची दोन पोती बसतात. टिळ्याचं घरी कळलं त्या दिवशी वडील म्हणाले, "लय शिकला तू. आता बोट कुठं ठेवायचं ते बी शीक." हे शब्द मी मनात ठेवले होते, ते आता सोडतो. ते बरोबर बोलले होते. तरी बोलायला नको होते.

कलम ५. सार्थकला माझं हेल्मेट. आज गरज पडलीच तर माझ्यानंतर.

कलम ६. वेदिका. हे कलम तीनदा खोडलं. कॉलेजात ती माझ्या शेजारच्या वर्गात होती. तिला सगळं खरं सांगितलं तेव्हा आधी ती हसली. "म्हणजे नाशिक समुद्रात बुडालं का?" मी पण हसलो. मग तिने विचारलं, "हे नाथाकाकांना माहितीये?"

"नाही."

"आणि बाबांना?"

"नाही गं."

"मग तू सांगेपर्यंत मला फोन करू नको."

साडेतीन महिने झाले. याचा अर्थ सांगितल्यावर फोन करू का? की सांगितल्यावर फोन करायचं काही उरणारच नाही? ते बागायतदार, आम्ही बाजारात फुलं विकणारे, हे तिच्या घरात आधीच एकदा बोलून झालंय. आज सकाळी तिचा मेसेज आला. "हॉलंडचे पाहुणे उद्या येतायत. नकाशा कुठेय विचारलं तर बाबा सगळ्यांदेखत नाथाकाकांचं नाव घेणार." पुढे काही नाही. माझ्यासाठी लिहिलं की काकांसाठी, कळलं नाही. वीस वेळा वाचला.

वेदिकाला तो फोटो. कधी पाठवलाच नाही. त्यात समुद्र अजून निळा आहे आणि कोपऱ्यातून माझं लाल बोट आत येतंय, चांदीची अंगठी दिसते. काका अंगठी घालत नाहीत. यादवरावांचा माझ्या शब्दावर विश्वास बसला नाही तर हा फोटो दाखवीन. तिला त्यानंतर.

कलम ७. काका, हा कागद टेबलावर ठेवतोय, तुम्हीच आधी वाचाल. पूजेत झालं नव्हतं. तुमच्या तोंडावर सांगायला तीनदा आलो, तीनदा चहा पिऊन परत गेलो. तुम्ही माझ्यासाठी दोस्त गमावलात आणि मला फ्रेमच्या पट्ट्या कापायला शिकवत राहिलात. शिव्या द्यायच्या तर परत आल्यावर द्या.

हे माझं पहिलं मृत्युपत्र. डोकं थंड झाल्यावर पटलं नाही तर कलम १, २ आणि ७ सोडून बाकी बदलीन.

साक्षीदार:
१) दीपक रंगनाथ काठे. (सही) हसत हसत केली, पण वाचल्यावर हसायचा थांबला.
२) छाया शेखर ताजणे, शेजारचं शिलाईचं दुकान. (सही) म्हणाल्या, "आधी काकांना फोन कर ना रे." मी म्हणालो, "फोनवर मी परत खोटं बोलीन, ताई." त्यांनी सही केली आणि डब्यातली भाकरी पुढे केली. खाल्ली.

लिहून देणार: रविराज पुंजाराम विधाते. (सही)
नाशिक, रविवार, १८ जानेवारी २०२६.

ताजा कलम. काका, माझ्याकडची चावी कटरखाली ठेवली आहे, तुमच्याकडे दुसरी आहेच. हे दार ओढलं की आपोआप कुलूप लागतं. म्हणजे निफाडच्या वाटेवर ओझरपर्यंत जाऊन माघारी फिरलो तर लपायला दुकान नाही. नळी काखेत घेतली. दार ओढतो.